गळक्या नळाचा माहितीपट: शाळा सुटल्यावर, मोबाइलवर, मोजून-मापून

आठवी-नववीच्या मुलांना ‘विज्ञानावर माहितीपट करा’ असं सांगितलं की दहापैकी आठ गट पाठ्यपुस्तकातला धडा वाचून दाखवतात. मागे इंटरनेटवरून उतरवलेली चित्रं, खाली संगीत, शेवटी ‘पाणी वाचवा’. मुलांचा त्यात दोष नसतो. त्यांना उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे कॅमेऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. गणित-विज्ञानात रमणाऱ्या मुलांकडून खरा माहितीपट करून घ्यायचा असेल तर उत्तर माहीत नसताना शूटिंग सुरू करायला हवं. कॅमेरा इथे मोजण्याचं साधन आहे, आणि मोजताना काय घडलं ते प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. पुढची सगळी पद्धत यावर उभी आहे.

हे काम जुलै ते ऑक्टोबर या काळात चांगलं बसतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सव्वा-सव्वा तास, दहा आठवडे. पहिल्या सत्राच्या परीक्षेआधीचा आठवडा मोकळा सोडा. दहावीच्या मुलांना एकदा सराव परीक्षा सुरू झाल्या की यात ओढू नका, आठवी आणि नववी उत्तम. एका गटात चार किंवा पाच जण. सहावा मुलगा आला की तो नुसता उभा राहतो. कामं अशी: कॅमेरा, आवाज, नोंदवही, मुलाखत, आणि पाचवा असेल तर साधनं व प्रकाश. दर आठवड्याला कामं बदला, नाहीतर ज्याचा मोबाइल तोच दहा आठवडे कॅमेरामन होऊन बसतो.

प्रश्न कसा निवडायचा

‘जलसंवर्धन’ हा विषय झाला, प्रश्न नाही. ‘आपल्या शाळेच्या आवारातला गळका नळ एका दिवसात किती लिटर पाणी घालवतो?’ हा प्रश्न आहे. प्रश्न चालेल की नाही हे तीन कसोट्यांवर ठरवा. उत्तर आकड्यात येतं का? मोजमाप शाळेच्या पाचशे मीटरच्या आत करता येतं का? आणि हा आकडा कमी-जास्त झाला तर कुणाला फरक पडतो का? तिसरी कसोटी सगळ्यात महत्त्वाची, कारण माहितीपटात माणूस तिथूनच येतो: रोज सकाळी नळाखालची बादली रिकामी करणारे शिपाईमामा, वायसर बदलणारा प्लंबर.

असे आणखी प्रश्न: मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी सरासरी किती वेळ रांगेत उभं राहावं लागतं? पत्र्याच्या छपराखालचा वर्ग आणि स्लॅबचा वर्ग, दुपारी दोन वाजता तापमानात किती अंश फरक? दप्तराचं वजन आणि मुलाचं वजन यांचं गुणोत्तर काय? या लेखात मात्र शेवटपर्यंत गळका नळच धरून चालू. तो स्वस्त आहे, हलत नाही, आणि त्यात नववीचं बरंचसं भौतिकशास्त्र दडलेलं आहे.

पहिल्या आठवड्यात कॅमेरा बाहेर काढूच नका. नोंदवही आणि मोजपात्र घेऊन नळापाशी जा. शंभर थेंब मोजपात्रात धरा. समजा २० मिलिलिटर भरले, तर एक थेंब ०.२ मिलिलिटरचा. मोजपात्र नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा चालतो, कारण पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. मग मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजा. समजा ६० आले.

इथेच बहुतेक गट घसरतात. ६० गुणिले ०.२ गुणिले १४४०, म्हणजे १७.२८ लिटर रोज, असं करून मोकळे होतात. एका मिनिटाला १४४० ने गुणलं की त्या मिनिटातली चूकही १४४० पट होते. शिवाय नळ दिवसभर सारखा गळत नाही. तो थेट लाइनवर असेल तर पाणी आल्यावर दाब वाढतो आणि थेंब भराभर पडू लागतात. आधीच्या माणसाने नळ किती घट्ट फिरवला त्यावरही बरंच ठरतं. म्हणून निदान पाच वेगवेगळ्या वेळी मोजा. समजा असे आकडे आले: सकाळी सातला ८८, मधल्या सुट्टीत ५२, दुपारी ६०, शाळा सुटताना ४६, दुसऱ्या दिवशी ५४. सरासरी ६० च येते, पण पाठीमागचं चित्र वेगळं आहे. सगळ्यात कमी आकड्याने रोजचे सुमारे १३ लिटर होतात, सगळ्यात जास्त आकड्याने २५. फिल्ममध्ये ‘रोज १७.२८ लिटर’ म्हणणं चूक. ‘साधारण १७, पण १३ ते २५ च्या मध्ये कुठेही’ हे खरं. दशांश चिन्हानंतरचे दोन अंक कॅमेऱ्यासमोर रुबाबदार वाटतात, पण आपल्या मोजमापाला तेवढी धार नाही, हे मुलांनाच शोधू द्या.

आता फिल्मचा कणा तयार होतो. संध्याकाळी साडेपाचला, सगळे गेल्यावर, नळाखाली बादली ठेवायची. सकाळी सातला ती मोजायची. मध्ये साडेतेरा तास. संध्याकाळचा ४६ चा वेग रात्रभर टिकला तर बादलीत साडेसात लिटरच्या आसपास पाणी हवं. मुलांनी हे भाकीत आदल्या संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर सांगायचं, फळ्यावर लिहायचं, आणि सकाळी बादली मोजताना कॅमेरा चालू ठेवायचा. निघाले सव्वासात, छान. निघाले अकरा, तर त्याहून छान, कारण आता रात्री काय झालं हा नवा प्रश्न मिळाला. (पंधरा लिटरची बादली घ्या. पाणी उडून जाऊ नये म्हणून नळाला सुती दोरी बांधून तिचं टोक बादलीत सोडा. थेंब दोरीवरून घरंगळतात आणि शिंतोडे उडत नाहीत.)

सामान आणि परवानग्या

१०८० पिक्सेलचं रेकॉर्डिंग करणारा कुठलाही मोबाइल पुरतो. स्लो-मोशनसाठी सेकंदाला २४० फ्रेमचा (म्हणजे २४० सुट्या चित्रांचा) पर्याय असलेला एक मोबाइल गटात कुणाच्या तरी घरी सापडतो. एक ट्रायपॉड घ्या आणि मोबाइल धरणारा त्याचा चिमटा घट्ट आहे ना ते बघा. स्वस्त ट्रायपॉडचे पाय टिकतात, चिमटाच आधी सैल होतो. एक कॉलर माईक, एक लांब एक्स्टेंशन बोर्ड, काळ्या आणि पांढऱ्या कार्डशीटचे दोन-दोन ताव, एक पॉवर बँक. एवढंच.

मोबाइलमधली जागा आधीच मोजून ठेवा. १०८० पिक्सेल, ३० फ्रेमला बरेच फोन सेकंदाला १७ मेगाबिटच्या आसपास लिहितात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे मिनिटाला सुमारे १२८ मेगाबाइट आणि तासाला साडेसात-आठ गिगाबाइट. पाच मिनिटांच्या फिल्मसाठी चाळीस मिनिटांचं फुटेज पुष्कळ झालं. दोन तासांचं फुटेज जमा केलेला गट ते कधीच पूर्ण पाहत नाही.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, आणि जो जो विद्यार्थी ओळखू येईल त्याच्या पालकांचं संमतिपत्र. त्यात फिल्म कुठे दाखवणार ते स्पष्ट लिहा: फक्त शाळेत, की इंटरनेटवरही. दोन्हीला वेगवेगळ्या चौकटी ठेवा, कारण बरेच पालक पहिल्याला हो म्हणतात आणि दुसऱ्याला नाही. मोठ्या माणसांनाही विचारा. शिपाईमामा नोकरीवर आहेत, त्यांना ‘नाही’ म्हणणं अवघड जातं, म्हणून शिक्षकांनी नाही, मुलांनी जाऊन विचारावं. गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवर कुणीही चढायचं नाही, शॉट कितीही चांगला दिसत असला तरी.

कॅमेरा

मोबाइल आडवा धरा. भिंग सुती कापडाने पुसा. खिशातल्या मोबाइलच्या भिंगावर बोटांचं तेल असतं आणि त्यामुळे उजेडाभोवती धुकं दिसतं. चित्रावर बोट दाबून ठेवलं की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. हे केलं नाही तर कुणी पांढरा शर्ट घालून मागून गेला की अख्खं चित्र काळवंडतं.

ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे आडवे पट्टे सरकताना दिसतात. कारण असं: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर (एका फ्रेमसाठी कॅमेरा जितका वेळ उजेड घेतो तो वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुकण्याचे पूर्ण हप्ते येतात आणि पट्टे जातात. मोबाइल स्वतःहून १/६० निवडतो तेव्हा हिशेब चुकतो. व्हिडिओच्या प्रो मोडमध्ये (जिथे शटर वगैरे आपल्याला ठरवता येतं) शटर १/५० वर बांधा, आणि २५ फ्रेमचा पर्याय असेल तर तो घ्या. प्रो मोड नसेल तर सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ ५० हर्ट्झवर आहे का ते बघा. तेही नसेल तर खिडकीपाशी जा आणि दिवे बंद करा.

एका कामाचे पाच शॉट घ्यायची सवय लावा. मामा बादली रिकामी करताहेत: हात, चेहरा, दोन्ही एकत्र, त्यांच्या खांद्यामागून दिसणारं पाणी, आणि एक असा शॉट जो दुसऱ्या कुणाला सुचला नसता. प्रत्येक शॉट दहा सेकंद, कॅमेरा स्थिर. मुलांचा हात शिवशिवतो, कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवावासा वाटतो. पहिल्या फिल्ममध्ये फिरवणं पूर्ण बंद ठेवा. जोडणीला (एडिटिंगला) बसल्यावर कळतं की हलत्या शॉटला कात्री कुठे लावायची तेच ठरत नाही.

मोजपात्राचा शॉट घेताना भिंग पाण्याच्या पातळीच्या बरोबर समोर हवं, म्हणजे पाण्याच्या वक्र कडेचा खालचा भाग आणि रेघ एका ओळीत दिसतात. वरून शूट केलं तर वाचन चुकतं, आणि ते प्रेक्षकाला पडद्यावर स्पष्ट दिसतं. मागे पांढरं कार्डशीट धरा.

थेंब पकडणं

हा भाग सावकाश करा. गटातल्या गणिती मुलांना तो सगळ्यात आवडतो. नळापासून ५० सेंटीमीटर खाली थाळी ठेवली, तर थेंब तिथे पोचायला ०.३२ सेकंद लागतात (उंचीची दुप्पट भागिले ९.८, त्याचं वर्गमूळ). ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत हा प्रवास जेमतेम साडेनऊ फ्रेममध्ये संपतो. मोजण्यात एका फ्रेमची चूक झाली तर वेळेत दहा टक्के आणि गुरुत्व त्वरणात वीस टक्के फरक. २४० फ्रेमला तोच प्रवास ७७ फ्रेमचा होतो आणि एका फ्रेमच्या चुकीने त्वरणात अडीच टक्क्यांच्या आसपासच फरक पडतो. स्लो-मोशन कशाला लागतं हे मुलांनी हा हिशेब करून स्वतःलाच पटवून द्यावं.

खाली पोचताना थेंबाचा वेग सेकंदाला ३.१ मीटर असतो. शटर १/५० ठेवलं तर तेवढ्या वेळात तो सहा सेंटीमीटर सरकतो आणि चित्रात नुसती रेघ येते. १/१००० ला तीन मिलिमीटर, म्हणजे थेंब थेंबासारखा दिसतो. इतक्या कमी वेळासाठी ऊन लागतं. ट्यूबखाली हा शॉट घेऊ नका, चित्र धडधडत राहतं. नळ सावलीत असेल तर अंगणात एक बाटली उलटी टांगा, बुचाला बारीक छिद्र पाडा आणि फिल्ममध्ये तसं सांगा. थेंबामागे काळं कार्डशीट, ऊन मागून थोडं तिरकं. असं केलं की थेंबाची कड उजळते आणि तो मोत्यासारखा सुटा दिसतो. समोरून ऊन आलं तर पाणी पारदर्शक असल्याने काहीच दिसत नाही.

चौकटीत फूटपट्टी उभी ठेवा, थेंबाच्या रेषेतच, मागे भिंतीला टेकवून नाही. कॅमेरा थेंबापासून एक मीटरवर आणि पट्टी थेंबाच्या दहा सेंटीमीटर मागे असेल तर पट्टी सुमारे नऊ टक्के लहान दिसते, आणि थेंबाने कापलेलं अंतर दहा टक्के जास्त भरतं. त्वरण ९.८ ऐवजी १०.८ आलं की आधी पट्टी कुठे उभी आहे ते बघा.

फ्रेम मोजायला ‘ट्रॅकर’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक फ्रेममध्ये थेंबावर क्लिक करत गेलं की अंतर-वेळ आलेख तयार होतो. थेंब सुटण्याचा नेमका क्षण ठरवणं कठीण असतं. पाण्याची मान ताणली जाते, तुटते, थेंब वर-खाली थरथरतो. म्हणून तो पूर्ण सुटल्यानंतरच्या फ्रेमपासून मोजा आणि आलेखाला परवलय (पॅराबोला) बसवा. एक चूक हमखास होते. बरेच मोबाइल २४० चं फुटेज ३० फ्रेमच्या फाइलमध्ये साठवतात, म्हणजे फाइलमधला वेळ खऱ्या वेळेच्या आठपट. सॉफ्टवेअरला खरा दर सांगितला नाही तर त्वरण आठाच्या वर्गाने, म्हणजे ६४ पटीने कमी येतं. ०.१५ असा आकडा दिसला की घाबरू नका, फ्रेमचा दर २४० करा. ही चूक आणि ती सापडण्याचा क्षण, दोन्ही फिल्ममध्ये ठेवण्याजोगं आहे.

आवाज

चित्र डळमळीत असेल तर प्रेक्षक सहन करतात, आवाज कळला नाही तर दोन मिनिटांत चुळबुळ सुरू होते. माईक आणि तोंड यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. एक मीटरवरचा मोबाइल आणि हनुवटीखाली एक वीत अंतरावरचा कॉलर माईक यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कॉलर माईक लावताना मंगळसूत्र, आयकार्डची चेन आणि ओढणी बघा. या तिन्ही गोष्टी माईकवर घासतात, आणि तो खरखराट नंतर काढता येत नाही. काही माईकना मोबाइल आणि कॅमेरा असं बटण असतं. ते चुकीच्या बाजूला राहिलं तर रेकॉर्डिंग होतच नाही. दहा सेकंद रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐकून मगच मुलाखत सुरू करा. माईक नसेल तर दुसरा मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून त्यावर रेकॉर्डर चालवा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. जोडणी करताना दोन्ही फाइलमधली टाळी एकावर एक ठेवली की ओठ आणि शब्द जुळतात.

पंखे बंद. पावसात पत्र्याच्या शेडखाली मुलाखत नको. शाळेच्या घंटेचं वेळापत्रक नोंदवहीत लिहून ठेवा. निघण्याआधी त्याच जागी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहून नुसती शांतता रेकॉर्ड करा. जोडणीत दोन वाक्यांच्या मध्ये पूर्ण मुका तुकडा आला की कानाला खड्डा जाणवतो. ही शांतता तिथे भरायची.

आवाजाचा मोजायलाही उपयोग होतो. नळाखाली स्टीलची वाटी पालथी ठेवा, एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. प्रत्येक थेंबाचा एक उंच सुळका दिसतो. सुळके मोजले की थेंब मोजले, आणि दोन सुळक्यांमधलं अंतर पाहिलं की थेंब एकसारख्या अंतराने पडतात का तेही कळतं. डोळ्यांनी मोजलेला आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवा. तोच टप-टप आवाज फिल्मभर पार्श्वसंगीत म्हणून वापरा. दुसऱ्या संगीताची गरज उरत नाही आणि हक्कांची भानगडही नाही.

मुलाखत

‘मामा, हा नळ गळतो का?’ असं विचारलं तर ‘हो, गळतो’ एवढंच मिळतं. ‘मामा, सकाळी शाळा उघडल्यावर या नळापाशी तुम्हाला काय काय करावं लागतं?’ असं विचारा. त्यांना आधीच सांगा की प्रश्न फिल्ममधून काढून टाकणार आहोत, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात द्या. उत्तर संपल्यावर मनात पाचपर्यंत मोजा आणि गप्प राहा. पुष्कळदा कामाचं वाक्य त्या शांततेतच येतं. ‘हो, हो’, ‘अच्छा’ असा हुंकार देऊ नका, तो माईकमध्ये येतो, मान हलवा.

माणूस उभा असेल तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवा. मामा स्टुलावर आणि कॅमेरा वरून खाली, अशी चौकट टाळा, ती माणसाला लहान करते. प्लंबरची मुलाखत बसवून घेण्यापेक्षा त्याला नळ उघडायला सांगा आणि हात चालू असताना बोलू द्या. झिजलेला वायसर तो तळहातावर ठेवून दाखवेल तेव्हा शक्य तितकं जवळ जा: रबरावर गोल चर पडलेली असते, आणि त्या चरीतूनच ते सतरा लिटर जात असतात.

सावकाश घडणाऱ्या गोष्टी

बादली भरतानाचा टाइम-लॅप्स घ्यायचा असेल तर हिशेब आधी करा. साडेतेरा तासांत दर पाच मिनिटांनी एक फोटो म्हणजे १६२ फोटो. २५ च्या वेगाने साडेसहा सेकंदांची क्लिप. मोबाइल चार्जरवर, विमान मोडमध्ये, फोकस आणि उजेड कुलूपबंद, आणि रात्रभर एकच दिवा चालू. वीज गेली तर चित्र मध्येच काळं होतं. मग दिवा पॉवर बँकेवरचा एलईडी घ्या. मोबाइल शाळेत रात्रभर ठेवायला पालक तयार नसतील, आणि बहुतेक नसतात, तर हा शॉट घरी मटकीवर करा. काचेच्या पेल्यात आतून ओला टिपकागद, काच आणि कागद यांच्यामध्ये भिजवलेली मटकी, दिवसभरात मोड दिसतात. २४ तासांत पाच-पाच मिनिटांनी २८८ फोटो, म्हणजे साडेअकरा सेकंद. पाणी शिंपडताना पेला हलवू नका, ड्रॉपरने कागदाच्या वरच्या कडेला सोडा.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणवला, तेव्हा कथापटाआधी त्यांनी हेच केलं होतं: कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची ‘अंकुराची वाढ’. रोज एक चौकट (फ्रेम), महिनाभर, आणि फिल्म मिनिटभराची, अशी गोष्ट सांगितली जाते. मूकपटांच्या काळातला वेग साधारण सेकंदाला १६ चौकटींचा धरून मुलांना हिशेब करायला द्या. तीस चौकटींना दोन सेकंदही लागत नाहीत. मिनिटभरासाठी ९६० लागतील. मग दिवसाला किती चौकटी घेतल्या असतील? ऐकलेला आकडाही तपासून पाहायचा असतो, हे शिकवायला याहून चांगला प्रसंग सापडणं कठीण.

जोडणी

संगणकावर बसण्याआधी कागदावर जोडा. पान उभं दुमडा: डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. उजवीकडे ‘बादलीत पाणी आहे’ असं निवेदन आणि डावीकडे बादलीतलं पाणी असेल तर ते निवेदन खोडा. डोळ्यांना दिसणारं कानाला सांगू नये. निवेदन सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द बसतात. आपल्या निवेदकाचा वेग घड्याळ लावून मोजा. पाच मिनिटांच्या फिल्ममध्ये निवेदन अडीचशे शब्दांच्या वर गेलं तर फळ्यावरचा धडा परत आला असं समजा.

फुटेज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ते दाबून लहान होतं. केबलने घ्या, किंवा पेन ड्राइव्हने. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीचा असेल तर चार गिगाबाइटच्या वरची फाइल त्यावर जात नाही. एक्स-फॅट करून घ्या. फाइलला नाव देताना तारीख, जागा, शॉट क्रमांक: ‘०८१४-नळ-०३’.

शाळेच्या जुन्या संगणकावर ‘शॉटकट’ किंवा ‘केडेनलाइव्ह’ चालतं, दोन्ही मोफत. मोबाइलचं फुटेज थेट घातलं तर लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होत जातात. कारण मोबाइल उजेडानुसार फ्रेमचा दर कमी-जास्त करत राहतो. आधी ‘हँडब्रेक’ या सॉफ्टवेअरमधून स्थिर दराची फाइल बनवा, मग जोडा.

मराठी अक्षरांनी बरेच गट शेवटच्या दिवशी अडकतात. काही मोबाइल ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. युनिकोडमध्ये टाइप करा, मुक्तासारखा फॉन्ट घ्या, आणि तरीही ‘विद्यार्थी’ नीट दिसत नसेल तर शीर्षक चित्र म्हणून बनवून आणा. सर्वांत सोपं म्हणजे फळ्यावर खडूने सुंदर अक्षरात लिहून त्याचा शॉट घेणं.

आलेखही संगणकावर करायची गरज नाही. व्हरांड्यात एक लिटरच्या सतरा बाटल्या पाण्याने भरून ओळीत ठेवा आणि एका टोकाकडून शूट करा. वर्षाचा हिशेब सहा हजार तीनशे लिटरच्या आसपास जातो, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरचा अर्ध्याहून जास्त भाग. गावात टँकर येत असेल तर त्याच्याशेजारी उभं राहून हा आकडा सांगा. १३ ते २५ ही व्याप्ती दाखवायला ओळीत आणखी आठ बाटल्या मांडा आणि तेराव्या आणि पंचविसाव्या बाटलीवर लाल फीत बांधा. बारा बाटल्यांचा तो पट्टा बघितला की अनिश्चितता म्हणजे काय हे पाचवीच्या मुलालाही कळतं.

बोलण्याचा आवाज जोडणीच्या सॉफ्टवेअरमधल्या आवाजाच्या मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. एखादं मोजमाप कॅमेरा बंद असताना झालं आणि नंतर पुन्हा करून दाखवलं, तर पडद्यावर ‘पुन्हा केलेलं मोजमाप’ असं लिहा. बादलीत पाणी ओतून ‘सकाळचा’ शॉट करायचा मोह होतो. तसं केलेली फिल्म दाखवू नका.

निवेदनाचा कागद गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांना वाचायला द्या, फक्त आकडे आणि एकके तपासायला. मग तो कागद यात काहीच माहीत नसलेल्या सहावीच्या मुलाला वाचून दाखवा. तो जिथे थांबवेल तिथे वाक्य बदला.

दाखवण्याचा दिवस

वर्गातला प्रोजेक्टर आणि खिडकीतला उजेड यांची आदल्या दिवशी त्याच वेळेला चाचणी घ्या. काळ्या कार्डशीटसमोरच्या थेंबाचा शॉट उजेडात पूर्ण नाहीसा होतो, पडदे लावावेच लागतात. आवाज शेवटच्या बाकावर उभं राहून ऐका. मामांना आणि प्लंबरला पहिल्या रांगेत बोलवा, आणि त्यांना फिल्म सगळ्यांच्या आधी एकदा वेगळी दाखवा. काही काढायला सांगितलं तर काढा. फिल्म संपल्यावर नोंदवही टेबलावर उघडी ठेवा, पाचही वाचनांसकट, म्हणजे ज्याला आकड्यांवर शंका आहे तो बेरीज स्वतः करू शकेल.

वायसर बदलल्यावर तोच नळ, तीच पालथी वाटी, तेच एक मिनिट पुन्हा रेकॉर्ड करा. फिल्मचा शेवटचा शॉट तोच. आणि पूर्ण झालेली फिल्म, मूळ फुटेज आणि नोंदवहीचे फोटो दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, एक शाळेच्या कपाटात, एक शिक्षकांच्या घरी. पुढच्या जुलैत नवा गट येईल तेव्हा त्याला आधी जुनी बादली मोजायला लावा.